वेशीबाहेरचा तिऱ्हाईत

पूर्वी वेत्रनगरात राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व दूरच्या मुलुखातून एकटाच चालत तेथे आला आणि त्या नगराचा तिऱ्हाईत झाला.

असे पद इतर कोठे नव्हते. वेत्रनगरात जो तो कोणाचा तरी व्याही, मेहुणा नाहीतर मावसभाऊ. तंटा उभा राहिला की न्याय नात्याच्या वाटेने जाई आणि ज्याच्या हाती ससा तोच पारधी ठरे. अखेर पूर्वजांना शहाणपण सुचले. न्यायाच्या ओट्यावर परमुलखातला, विनानात्याचा माणूसच बसवायचा. त्याने वेशीबाहेर राहावे, आपले अन्न आपण शिजवावे, नगरात कोणाकडे पाणीसुद्धा पिऊ नये. त्याला कोणी काका-मामा म्हणू नये. नगरात सोयरीक जुळली, तर त्याच दिवशी त्याने ओटा सोडावा.

बोधिसत्त्वाने हे सारे पाळले. लोक त्याला मान देत आणि त्याच्यापासून चार हात दूर राहत. लग्नसराईत वेशीच्या आतून वाजंत्री ऐकू येई, पंगतीचा वास येई, आणि तो आपल्या झोपडीत पेज ढवळत बसे. एका हिवाळ्यात त्याला ताप आला, तेव्हा लोकांनी वेशीवरूनच हाक मारून विचारले की न्यायाचे काम पुन्हा केव्हा सुरू होणार. तेवढीच काय ती आपुलकी. त्याला फार एकटे वाटे. बोधिसत्त्व झाला म्हणून त्याला माणसे नको असतात, असे कोणी समजू नये.

त्या नगरात सोमा नावाची एक विधवा होती. तीही परमुलखातलीच, लग्न होऊन आलेली. नवरा होता तोवर ती घरची होती. तो वारला आणि दीर मणिभद्र म्हणू लागला, "ही परक्याची लेक. भावाच्या घरावर हिचा कसला हक्क?" माहेरी तिचे कोणी उरले नव्हते. तिने ओट्यापुढे दाद मागितली.

न्यायाच्या आदल्या संध्याकाळी मणिभद्र झोपडीत आला. त्याने सोने आणले नव्हते, धमकीही दिली नाही.

"आर्य, माझी धाकटी बहीण सुनंदा लग्नाची आहे," तो म्हणाला. "आमच्या घरचे जावई व्हा. वेशीच्या आत घर देतो. सणावाराला तुमच्यासाठी पाट मांडलेला असेल."

"आणि उद्याचा न्याय?"

"त्याचं काय एवढं? वडीलधारी मंडळी बघतील की."

वडीलधारी मंडळी म्हणजे मणिभद्राचेच मामा आणि चुलते.

बोधिसत्त्वाला सुनंदा ठाऊक होती. पाणवठ्यावर ती एकदा त्याच्याकडे पाहून हसली होती. त्या नगरात त्याच्याकडे पाहून हसलेले दुसरे कोणी नव्हते. त्याचे मन त्या पाटावर जाऊन बसलेसुद्धा.

"मी आत आलो, तर सोमा बाहेर जाईल," तो शेवटी म्हणाला. "तुमच्या बहिणीला चांगलं स्थळ मिळो."

दुसऱ्या दिवशी घर सोमाचे ठरले. त्याच वर्षी सुनंदाचे लग्न झाले आणि ती दूरच्या गावी गेली.

निकालाच्या संध्याकाळी सोमा वाटीभर खीर घेऊन झोपडीपाशी आली. "दादा, तुमच्यामुळे माझं छप्पर राहिलं. एवढी खीर घ्या."

"बाई, मला दादा म्हणू नका," बोधिसत्त्व म्हणाला. "उद्या तुमच्याविरुद्ध कोणी ओट्यापुढे आलं, तर त्यालाही मी तिऱ्हाईतच मिळायला हवा."

सोमा वाटी घेऊन परत गेली. तिला राग आला होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. बोधिसत्त्वाने चूल पेटवली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात एका भिक्षूला सांगितली. तो सीमेपलीकडून आलेला होता. एक स्थविर, म्हणजे ज्येष्ठ भिक्षू, त्याच्या बोलीला हसत असे आणि भोजनाच्या वेळी त्याला वेगळे बसवीत असे.

"तेव्हाचा मणिभद्र म्हणजे आजचा हा स्थविर," शास्ते म्हणाले. "सोमा म्हणजे तू. आणि वेशीबाहेरचा तिऱ्हाईत मीच होतो."

स्थविराने मान खाली घातली आणि भिक्षूला शेजारी जागा करून देत तो थोडा सरकून बसला. पण भिक्षू जागचा हलला नाही. त्याने विचारले, "भगवन्, ती खीर परत पाठवताना वाईट वाटलं?"

"वाटलं," शास्ते म्हणाले. "भूकही लागली होती."

मन इतके ओढ घेत असतानाही न्याय कोणाकडे कलू न देणे, याला समभावाची पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला नेलेला समभाव, म्हणतात.