मातीखालचं रिंगण

“पण कळणार कुणाला, आजोबा?”

नऊ-माकडाने पुन्हा तेच विचारलं.

म्हातारा खड्ड्याच्या काठावर बसून गुडघे चोळत होता. त्याचं नाव तीन-वारा. ज्या दिवशी जन्म, त्या दिवसाचं नाव माणसाला द्यायचं, अशी त्या मुलखाची रीत होती. आपल्याकडे कुणाला माकड म्हटलं तर हातघाईवर येईल प्रकरण. तिकडे मात्र माकडाच्या दिवशी जन्मलेलं पोर कारागीर निघतं म्हणून आईबाप खूश व्हायचे. नऊ-माकड कारागीर निघाला होता, आणि हे त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

गोष्ट फार जुनी आहे, सातासमुद्रांपलीकडची. माया आणि अझ्टेक ही नावं आपण ऐकतो. ही माणसं त्यांच्याही कितीतरी आधीची, नदीकाठच्या दलदलीत राहणारी. त्यांच्याकडे बैल नव्हता, चाक नव्हतं, लोखंड नव्हतं. दगडसुद्धा नव्हता. तो दूरच्या डोंगरातून तराफ्यावर घालून आणायचे, आणि आणताना माणसं बुडायची. एवढं करून त्या दगडातून जे सर्वांत देखणं घडेल ते मातीत पुरायचे. घडवून झालं की लगेच, गावाला न दाखवता. वर खूणही ठेवायचे नाहीत.

कशासाठी, ते विचारू नका. मला ठाऊक नाही.

पुरलेल्या जागा ध्यानात ठेवायला गावात एक माणूस असायचा. सध्या तो तीन-वारा होता. त्याच्यामागे हे काम नऊ-माकडाकडे यायचं होतं.

हे सगळं जिथे पुरायचे त्या आवाराच्या कडेला हा खड्डा होता, कमरेइतका खोल. तळाशी हिरव्या फरश्या बसवून झाल्या होत्या. गडी केव्हाच निघून गेले होते. काठावर कापड पसरलेलं होतं आणि त्यावर वीत वीत उंचीच्या दोन मूर्ती होत्या. एक हिरव्या दगडाची, ज्याला आपण जेड म्हणतो. दुसरी साध्या तपकिरी खडकाची, वरून चरबी चोळून चकचकीत केलेली.

“ही तपकिरी पुरू,” नऊ-माकड म्हणाला. “वर माती पडली की हिरवं काय आणि तपकिरी काय!”

“आणि हिरवी?”

“तिला मी घेऊन जातो.”

त्याने नदीकडे बोट केलं. धक्क्याला एक होडी लागली होती. वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावचा व्यापारी तिच्यात बसला होता.

“तिथला राजा तिला चौथऱ्यावर उभी करणार आहे. येणारा-जाणारा बघेल. कुणी केली म्हणून विचारेल. मला घर देणार आहेत, आजोबा. बायकोला, पोरीला मागाहून नेईन.”

म्हातारा दुसरा गुडघा चोळू लागला.

“लग्न झालं तेव्हा हा दगड हातात घेतला. आता पोरगी बोलायला लागलीय. दोरा, वाळू आणि पाणी. दिवसभर घासायचं, आणि संध्याकाळी बघावं तर नखाएवढंही झिजलेलं नसायचं. बोटांची सालं निघाली. बायको म्हणायची, या घरात मी नांदतेय की तो दगड? आणि एवढं सगळं कशाला... चिखलात घालायला?”

“हं.”

“त्या सात-सरड्याची कर्णफुलं आपल्या राजाच्या कानात आहेत. एक भोक इकडे, एक तिकडे! तरी सगळं गाव तीच बघतं.”

“वाकडी आहेत खरी,” म्हातारा म्हणाला.

“मग?”

“मग काय...”

म्हाताऱ्याने हिरवी मूर्ती उचलली. उन्हात धरली. कानाच्या पाळीतून उजेड आरपार येत होता. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने ती जपून कापडावर ठेवली. चांगली झालीय, एवढंसुद्धा तो बोलला नाही आणि नऊ-माकडाला त्याचा भयंकर राग आला.

“खणायची काठी घे,” म्हातारा म्हणाला. “माझं एक काम कर आणि मग जा.”

“ऊन उतरायच्या आत निघणार आहे तो व्यापारी.”

“म्हणजे लवकर खणावं लागेल.”

दोघं आवाराच्या आतल्या बाजूला गेले. आवार झाडून लख्ख केलेलं. इथून तिथून सगळं सारखं, कुठे उंचवटा नाही की दगड नाही. म्हातारा चालत गेला, थांबला, जरासा डावीकडे सरकला. मग हुश्श करून खाली बसला.

“इथं.”

नऊ-माकडाने काठी खुपसली. राग सगळा त्या काठीत उतरला होता. वर पिवळी माती होती. तिच्याखाली लाल लागली. मग पांढरी वाळू लागली.

“हळू,” म्हातारा म्हणाला. “आता काठी ठेव. हात घाल.”

वाळूत बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं. त्याच्या शेजारी आणखी एक. नऊ-माकड पालथा पडला आणि त्याने तोंड खड्ड्यात घातलं. फुंकर मारत, बोटांनी वाळू सारत तो किती वेळ तसाच पडून होता, कोण जाणे.

खाली माणसं उभी होती. वीत वीत उंचीची, हिरव्या दगडाची, गोल रिंगण धरून.

त्याच्या अगदी नाकासमोर जी मूर्ती होती, तिची पाठ त्याच्याकडे होती. तिच्या मानेमागची पन्हळ त्याने बघितली. ती खांद्यावर कशी उतरते तेही बघितलं. कानामागे, जिथे कुणाची नजर जायचं काही कारणच नव्हतं, तिथेही दगड पाण्यासारखा गुळगुळीत होता. ही जागा घासायला दोरा कसा घातला असेल, हेच त्याला कळेना. त्याला स्वतःला ते जमलं नव्हतं. त्याने कानामागचं काम तसंच सोडून दिलं होतं.

आधी त्याला हेवा वाटला. मग लाज वाटली. मग नुसतं बघत राहावंसं वाटलं.

“ही कुणी केली, आजोबा?”

“ठाऊक नाही.”

“तुमच्या गुरूंनी सांगितलं असेल की.”

“त्यालाही ठाऊक नव्हतं.”

“असा हात... आणि नाव नाही?”

“कुणी विचारलंच नसेल,” म्हातारा म्हणाला. त्याने एक जांभई दिली.

नऊ-माकडाने रिंगणाच्या पलीकडच्या बाजूला हात घातला. तिथली वाळू निराळी लागली. चिकट. काळपट. त्याने ती बोटांत चोळून नाकाला लावली. मग वाळू आणखी बाजूला केली आणि त्याचा हात थांबला.

तिथे एक तपकिरी मूर्ती उभी होती. साध्या खडकाची. तिचं नाक झडलं होतं, एका खांद्याचा भुगा होऊन पायाशी पडला होता. आणि रिंगणातली सगळी हिरवी माणसं तिच्याकडेच तोंड करून उभी होती.

“आजोबा...”

“हं.”

“ही एक तपकिरी आहे.”

“हो.”

“हिला चरबी चोळली होती.”

चरबीचं आणखी कुणी ओळखलं नसतं. सकाळीच ज्याने आपल्या हाताने तोच उद्योग केला होता, त्याच्याच ते ध्यानात यायचं.

“ही इथं कशी आली?”

“हिच्या कारागिरासाठीही अशीच होडी लागली होती म्हणतात. सगळ्यांनी आपापली मूर्ती आणली, त्यानेही आणली. गुंडाळून आणली, गुंडाळूनच ठेवली. वर माती पडली.”

“मग कळलं कसं?”

“मधूनमधून उकरून बघावं लागतं. उभी आहेत की पडलीत. बघायचं आणि झाकायचं, राखणदाराचं काम तेवढंच. पुढच्या राखणदाराने उकरलं. तोवर कापड कुजून गेलं होतं.”

“मग काढून का नाही टाकली?”

“पुरलेलं काढायचं नसतं. त्याने एवढंच केलं... बाकीच्यांची तोंडं हिच्याकडे वळवून ठेवली.”

नऊ-माकड उठून बसला. त्याच्या तोंडाला पांढरी वाळू लागली होती, ती त्याने पुसली नाही.

“त्याचं नाव काय होतं?”

“तेही ठाऊक नाही. त्याने फसवलं, एवढंच ठाऊक आहे. माझ्या गुरूला ठाऊक होतं. मला आहे. आता तुला झालं.”

“मी कुणाला सांगणार नाही.”

“मीही नव्हतो सांगणार.”

नदीवरून हाक आली. व्यापारी उभा राहून हात हलवत होता.

“मला धाक घालायला आणलंत तुम्ही इथं,” नऊ-माकड चिडून म्हणाला. “सरळ सांगायचं ना, की पूर म्हणून!”

“नाही रे बाबा...” म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. “कितीक पावसाळे इथे बघितलं नव्हतं. मनाला चुटपुट लागून राहिली होती. मला आता वाकवत नाही. तू जाणार म्हणालास, म्हटलं जायच्या आधी एवढं करून घ्यावं. उभी आहेत ना सगळी?”

“उभी आहेत.”

“झालं तर. झाक. आणि जा. ती हिरवी घेऊन जा. तपकिरी मी पुरेन, कसंतरी. मी कुणापाशी बोलणार नाही. बोलायला फार दिवस उरणारही नाही.”

नऊ-माकड हलला नाही.

“आजोबा, एक सांगा. मी चांगली पुरली, तरी माझं नाव राहणार नाही?”

“नाही.”

“वाईट पुरली, तरी राहणार नाही?”

“नाही.”

“मग फरक काय पडला?”

“मला नको विचारूस,” म्हातारा म्हणाला. “दमलोय मी.”

पुन्हा हाक आली. या वेळी तिच्यात एक शिवीही होती.

नऊ-माकडाने वाळू आत लोटली. बोटांनी, हळूहळू, एकेका डोक्याभोवती. नाक झडलेल्या त्या मूर्तीभोवतीही तितकीच हळू. मग लाल माती, मग पिवळी, जशी निघाली होती तशीच. पायांनी दाबली. झाडू फिरवला. जागा पुन्हा आवारासारखी झाली. इथे काही आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मग तो धक्क्यावर गेला. व्यापाऱ्याशी काय बोलला, ते कुणी ऐकलं नाही. व्यापाऱ्याचं उत्तर मात्र अर्ध्या गावाने ऐकलं. होडी वळली आणि नदीवरून दिसेनाशी झाली.

तो परत आला तेव्हा म्हातारा नव्या खड्ड्याच्या काठावर येऊन बसला होता. नऊ-माकडाने तपकिरी मूर्ती कापडावरून उचलून बाजूला टाकली.

“पोरगी खेळेल हिच्याशी,” तो म्हणाला.

हिरवी घेऊन तो खाली उतरायला निघाला आणि थबकला.

“आजोबा, हिच्या कानामागचं काम राहिलंय.”

“मग?”

“थोडा वेळ द्या.”

म्हातारा सूर्याकडे बघून काहीतरी पुटपुटला. पण थांबला. नऊ-माकड दोरा आणि वाळू घेऊन बसला. दगड एवढ्याशा वेळात कुठला ऐकतोय! केसभर काहीतरी झिजलं असेल, कदाचित तेवढंही नसेल. तो मात्र घासत राहिला. बोटातून रक्त आलं, ते वाळूत मिसळलं. अखेर तो आपणच थांबला. म्हाताऱ्याने घाई केली नव्हती.

त्याने मूर्ती फरश्यांवर उभी केली. हात काही तिच्यावरून निघेना. पोरीला निजवल्यावर आई तिच्या अंगावरचा हात जसा हळूच काढते, तसा त्याने शेवटी तो काढून घेतला. त्याला रडू आलं. त्याने ते लपवलं नाही आणि म्हाताऱ्यानेही तोंड फिरवलं नाही.

वाळू पडली. डोकं सगळ्यांत शेवटी दिसेनासं झालं. मग लाल माती पडली. पिवळी पडली. डोकं सगळ्यांत शेवटी दिसेनासं झालं.

त्याने जमीन दाबली, झाडू फिरवला. सूर्य नदीपार टेकला होता. आवार सपाट झालं होतं. नऊ-माकडाने मान वळवून आजूबाजूला बघितलं, पुन्हा पायाखाली बघितलं.

“आजोबा, इथे तर काहीच खूण नाही.”

“नसते.”

“निदान एक खडा ठेवतो.”

“ठेवायचा नसतो.”

“मग उद्या मला जागा सापडली नाही तर? मी म्हातारा झालो, आणि विसरलो तर?”

म्हाताऱ्याने त्याच्या खांद्याचा आधार घेतला आणि कण्हत उठून उभा राहिला. मातीच्या त्या सपाट आवारावरून त्याची नजर फिरली. इथे थांबली, तिथे थांबली, पुढे गेली, आणखी कुठे थांबली. डोळे मिटले तरी त्याच्या पापण्या हलत होत्या.

“विसरून बघ, पोरा,” तो म्हणाला. “जमलं... तर मलाही शिकव.”