ठकीचे दात राहू देत

फार वर्षांपूर्वी डोंगराच्या पायथ्याशी एका गावात चर्चची घंटा वाजवणारा एक माणूस राहायचा. त्याची बायको शांत स्वभावाची होती. धाकटा नाथान नुकता बोलायला लागला होता. थोरली सुवार्ता मात्र दिवसभर बोलायची, आणि बाबांची घंटा थांबली तरी तिच्या तोंडाचा पट्टा काही थांबायचा नाही.

दिवेलागणीला घरात चटई अंथरली जायची. एक गाणं व्हायचं, मग प्रत्येकानं प्रार्थना करायची. नाथानचं काम सोपं होतं. समोर दिसेल त्याचं नाव घ्यायचा, चूल, मांजर, बाबा, आणि आमेन म्हणून मोकळा व्हायचा. सुवार्ताची प्रार्थना लांबलचक असायची, पण तिच्यात सुवार्ताशिवाय दुसरं कुणी नसायचं.

हल्ली तर तिचं एकच मागणं होतं. कापणीच्या सणाला गावातले लोक आपापलं पीक चर्चमध्ये वाहायला आणत. यंदा सुवार्तानं परसात स्वतः भोपळ्याचा वेल लावला होता आणि त्याला एकुलता एक भोपळा धरला होता, जेमतेम पेरूएवढा. तो सणापर्यंत मोठा व्हावा आणि आपण तो वेदीपाशी नेऊन ठेवावा, एवढ्यावरच तिचा जीव लागला होता.

एके दिवशी आई म्हणाली, "रोज स्वतःसाठी मागतेस. आजपासून घराबाहेरच्या एका माणसासाठीही मागायचं." सुवार्तानं मान डोलावली, पण कुणासाठी मागावं हे तिला काही सुचेना. त्या दिवशी तिनं चर्चच्या पाळकांच्या खोकल्यावर भागवलं.

पुढचं ठकीनं सुचवलं. ठकी म्हणजे शेजारच्या सगुणामावशीची शेळी. दुसऱ्या दिवशी ती गळ्यातलं दावं फरफटत परसात शिरली आणि वेलाचे कोवळे शेंडे फस्त करून गेली. भोपळा पानाखाली होता म्हणून वाचला. सुवार्ता ओरडत मावशीच्या दारात गेली. मावशीनं बाहेर बघितलं, मान खाली घातली आणि एक शब्दही न बोलता दार लावून घेतलं. असं आधीही झालं होतं. शेळी बांधायचा आळस तो आळस आणि वर एवढा तोरा, असं पुटपुटत सुवार्ता पाय आपटत घरी आली.

संध्याकाळी तिनं डोळे घट्ट मिटले. "प्रभू येशू, मी आज सगुणामावशीसाठी मागते. तिला अक्कल दे. आणि ठकीचे सगळे दात पाड. आमेन."

नाथाननं सर्वांत मोठ्यानं आमेन म्हटलं. बाबांना अचानक खोकला आला आणि ते पाणी प्यायला उठले. त्यांच्या खोकल्यात हसू होतं हे आईला बरोबर कळलं.

आई रागावली नाही. तिनं सुवार्ताला जवळ घेतलं. शेजारणीसाठी दुकानातून काही आणायचं असेल तर आधी काय करतो, असं तिनं विचारलं. सुवार्ता म्हणाली, काय आणू म्हणून विचारतो.

"मग देवाकडे जातानाही विचारून जावं," आई म्हणाली. "तिला काय हवंय ते तिला विचार. मग माग."

सुवार्ताचा चेहरा पडला. देवाशी बोलणं सोपं होतं, पण जिच्यावर आपण रागावलोय तिच्या दारात जायचं म्हणजे भारीच अवघड. सकाळी ती दोनदा कुंपणापर्यंत गेली आणि माघारी आली. एकदा तर तिनं नाथानलाच पाठवून बघितलं, पण तो ठकीचे कान ओढत बसला. शेवटी तिनं मनाचा हिय्या केला आणि कडी वाजवली.

मावशीनं दार किलकिलं केलं. आता ही पुन्हा भांडणार, असंच तिला वाटलं असणार.

"मावशी, मी तुझ्यासाठी प्रार्थना करणार आहे. काय मागू?" सुवार्तानं एका दमात विचारून टाकलं.

मावशीनं दार पुरतं उघडलं आणि पदराखालचे हात बाहेर काढले. बोटांचे सांधे सुजले होते आणि बोटं वाकडी झाली होती.

"थंडी पडली की बोटं वळत नाहीत गं. दाव्याची गाठच बसत नाही. ठकी एक हिसका देते आणि सुटते. तुझा वेल खाल्ला तेव्हा मला इतकी लाज वाटली, की काय बोलावं ते कळेना. जमलं तर या बोटांसाठी माग."

सुवार्ताचा राग कुठल्या कुठे गेला. बाबांनी तिला घंटेच्या दोराची गाठ शिकवली होती, कितीही ओढली तरी न सुटणारी. तिनं ठकीला खुंट्याशी आणलं आणि तीच गाठ मारली. ठकीनं हिसका दिला. मग आणखी एक दिला. मग नाइलाजानं ती समोरचा पाला खाऊ लागली.

त्या संध्याकाळची प्रार्थना छोटी होती. "प्रभू, मावशीची बोटं बरी कर. आणि ठकीचे दात राहू देत."

मग तो रोजचाच नेम झाला. सुवार्ता संध्याकाळी ठकीला बांधायची आणि घरी येऊन मावशीसाठी मागायची. आईनं तिळाचं तेल कोमट करून पाठवलं, मावशीनं टोपलीभर लेंडीखत वेलासाठी दिलं. वेलाला पुन्हा शेंडे फुटले. पण बोटं काही सरळ होईनात. एक दिवस सुवार्ता हिरमुसून आईला म्हणाली, की देव ऐकतच नाही.

"ऐकतो गं," आई म्हणाली. "बोटं बरी करणं त्याच्याकडे. पण तोवर गाठ मारायला त्यानं कुणाची बोटं धाडली?"

सुवार्ता बराच वेळ आपले हात उलटेसुलटे करून बघत राहिली.

कापणीचा सण आला. भोपळा एवढा झाला होता, की तो उचलायला बाबांना हात लावावा लागला. चर्चमध्ये तो वेदीपाशी ठेवला आणि सगळे कौतुकानं बघू लागले. मागच्या बाकावर सगुणामावशी बसली होती. ती चर्चमध्ये पहिल्यांदाच आली होती. बाहेर कडुनिंबाला ठकी बांधलेली होती, अर्थात सुवार्ताच्या गाठीनं.

भोपळा बघता बघता सुवार्ता एकदम चपापली. ती धावत मावशीपाशी गेली आणि कुजबुजली, "मावशी, मी भोपळ्यासाठी मागायचं विसरूनच गेले होते. तुझ्या बोटांसाठी मागू लागले, तेव्हापासून एकदाही मागितलं नाही. मग तो एवढा मोठा कसा झाला?"

मावशी हसली.

"तू मला विचारलंस ना, काय मागू म्हणून? मीही तुझ्या आईला विचारलं, पोरीला काय हवंय. तू ठकीला बांधून गेलीस, की मी रोज मागायचे."

आणि तिनं आपले हात जोडून दाखवले. वाकडी बोटं पुरती जुळत नव्हती, तरी सुवार्ताला ते हात फार सुंदर वाटले. तिनं आपले हात त्या हातांभोवती धरले आणि मग दोघींनी मिळून आमेन म्हटलं.

तात्पर्य: दुसऱ्यासाठी देवाकडे मागण्याआधी त्याच्या दारात जाऊन विचारावं, आणि मागून झाल्यावर आपले हात त्याच्या कामाला द्यावेत. आपल्यासाठी मागणारं कुणी ना कुणी असतंच.