खेकड्याचं वाळूतलं फूल

किनाऱ्यावर माणसाचं पाऊल उमटायच्या आधीची गोष्ट. तिथे तांबोबा नावाचा एक तापट खेकडा राहायचा. ओहोटी लागली की तो वाळूच्या बारीक गोळ्या वळून बिळाभोवती फूल मांडायचा आणि भरती आली की समुद्र ते पुसून टाकायचा.

"अरे दांडग्या, डोळे फुटले का तुझे?" तांबोबा नांग्या उगारून ओरडायचा.

अमावास्येच्या उधाणाला पाणी पार केवड्याच्या बनापर्यंत चढलं. ते उतरताच तांबोबाने तिथल्या ओल्या वाळूत फूल मांडलं. दुसऱ्या दिवसापासून भरती तिथवर पोचेना. "आता पूस!" तो गरजला.

फूल राहिलं, पण वरची वाळू सुकली, तिच्या गोळ्या वळेनात. मग तो खाली येऊन रोज नवं फूल मांडी, समुद्र रोज पुसे आणि तो रोज शिव्या घाली.

पौर्णिमेच्या सकाळी तो बायकोला, कुर्लीला, वरचं फूल दाखवायला ऐटीत घेऊन गेला. बघतो तर पाकळ्या एकीकडे कलंडलेल्या, मधला गाभा फेंगडा.

"हे कुणी केलं?" तो भडकला.

"अहो, तुम्हीच की, अमावास्येला," कुर्ली म्हणाली. "काल पुसलं गेलं ते किती सुबक होतं!"

तांबोबा होता त्याहून लाल झाला. लांबून पौर्णिमेच्या उधाणाची लाट येताना दिसली, तसा तो नांगी नाचवत किंचाळला, "अरे आळशा! इतके दिवस झोपला होतास का? ये इथवर, आणि हे आधी पूस!"