तीन मापटी तांदूळ

फार जुनी गोष्ट. खाडीकाठच्या एका गावात मीठ ओढणारी एक विधवा राहत होती. पदरात दोन लेकरं, आणि जन्म खाऱ्या पाण्यात गेल्यामुळे पावलांना भेगाच भेगा.

तिथल्या मिठागराची एक रीत होती. रोज सकाळी पाळी असेल त्या मजुराने बांधावर उभं राहून सगळ्यांची मजुरी बोलायची. मिठागराच्या मालक शेठने एकतर सगळ्यांना घ्यायचं, नाहीतर सगळ्यांना परत पाठवायचं. तयार मीठ पडून राहिलं तर नुकसान शेठचंच. म्हणून वर्षानुवर्षं माणशी चार मापटी तांदूळ मिळत होते.

एका वर्षी दुष्काळातली माणसं पोट भरायला आली आणि खाडीपलीकडे बसून राहिली. दुसऱ्या दिवशी बोलायची पाळी विधवेची होती.

संध्याकाळी शेठ तिला विहिरीवर भेटला. माणूस दुष्ट नव्हता, गोड होता. तेच वाईट.

"बाई, तुझे पाय आता उचलत नाहीत. ते पलीकडचे बघितलेस ना? उद्या तीन बोल. हंगामभर तुझं काम पक्कं. माझा शब्द."

सकाळी ती बांधावर चढली. शेजारची म्हातारी खालून म्हणाली, "चार बोल गं. सगळ्यांचं बोलतेयस."

विधवेने पलीकडची गर्दी पाहिली. "तीन," ती म्हणाली.

"काय केलंस हे!"

"लेकरांसाठी केलं, मावशी."

"मग आमच्या घरात काय मांजरं आहेत?"

एकदा तीन ऐकल्यावर शेठ पुन्हा चारला तयार होईना, आणि तीन मापट्यांत कुणाचं भागेना. मग बायांनी म्हातारे सासरे आणले, पोरं आणली. हात वाढले, मीठ तेवढंच राहिलं. शेठने पलीकडे विचारलं, ते दोनला तयार झाले. हे कळताच गावकरी दीडवर आले. होळीपर्यंत एकच मापटं उरलं.

विधवा रडत शेठकडे गेली. "तुम्ही शब्द दिला होता."

"मग? एक दिवस तरी तुला परत पाठवलं का?"

नव्हतं पाठवलं. दुसऱ्या दिवसापासून तिने दोन्ही लेकरांना अर्ध्या मजुरीवर मिठात उतरवलं. आई आणि दोन लेकरं दिवसभर राबून आता दोन मापटी आणतात. पूर्वी ती एकटी चार आणायची.

तात्पर्य: मजुरी घामावर ठरत नाही. सगळ्यांत अडलेला माणूस कितीला 'हो' म्हणतो, त्यावर सगळ्यांची ठरते.