सखाहरीचा अर्धा फेरा

फार वर्षांपूर्वी, फटफटीचा आवाज आला की पोरंच काय, म्हातारीकोतारीसुद्धा वेशीपर्यंत धावायची, त्या काळात कुसुरवाडीत सखाहरी पांचाळ नावाचा लोहार राहत होता. नांगराचा बोथटलेला फाळ शेवटून धारदार करायचा, गाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायची, ही त्याची कामं. पुढे घाटात फटफट्या दिसू लागल्या, तेव्हा त्यांचे नटबोल्टही त्याच्याकडेच येऊ लागले.

असं म्हणतात, सखाहरीने आवळलेला नट सोडवायला दोन बैल जुंपावे लागत. मला विचाराल तर एकात भागलं असतं; पण गाव दोन म्हणतं, तर दोन. त्याचा आपला एकच हिशेब होता, घट्ट तेवढं चांगलं. लोखंडाने आयुष्यभर त्याचं हे म्हणणं निमूट ऐकून घेतलं होतं.

एका दुपारी डॉक्टर परांडेकर आपली फटफटी ढकलत त्याच्या दारात आले. घामाने निथळत होते. वर पठारावरच्या धनगरवाड्यात ठकू नावाची बाई कालपासून बाळंतपणात अडली होती. पायी घाट चढायचा तर दिवस मावळला असता, आणि तोवर ती टिकेल याची खात्री नव्हती. फटफटीने तासाभराची वाट. पण कार्बोरेटरखालची वाटी, जिच्यात पेट्रोल साठतं, ती एका बाजूने लोंबत होती आणि पेट्रोल थेंबथेंब गळत होतं.

सखाहरीने स्क्रूला हात लावला. तो नुसताच गरगर फिरला. आतले आटे पार गेले होते.

"मीच कुठेतरी नको इतका पिळला असेन," डॉक्टर म्हणाले. "काही करा मिस्त्री, पण करा."

सखाहरीला खरं ठाऊक होतं. कारण हा स्क्रू गेल्या बाजाराच्या दिवशी त्यानेच आवळला होता. शेवटच्या फेऱ्याला तो एकदम हलका पडला, तेही त्याला जाणवलं होतं. कार्बोरेटरचा धातू लोखंडासारखा नसतो, मऊ असतो. पण तेव्हा त्याने हात झटकले आणि "झालं" म्हणून मोकळा झाला. आताही तो बोलला नाही. मिस्त्रीचं नाव खराब व्हायचं म्हणजे काय साधी गोष्ट आहे?

त्याने कार्बोरेटर उतरवला आणि फटफटी भट्टीपासून लांब चिंचेखाली लावली. झिजलेलं भोक थोडं मोठं केलं. स्टोव्हच्या मोडक्या पंपाची पितळी दांडी घरात होती, तिचा तुकडा कापून भोकात ठोकून बसवला आणि मधोमध बारीक छिद्र पाडलं. आता त्यात नवे आटे पाडायचे होते. त्यासाठी त्याच मापाचा एक पोलादी स्क्रू घेतला, कानशीने त्याला तीन खाचा पाडल्या, लाल तापवून तेलात विझवला, की झालं आटे कापायचं हत्यार. असं म्हणतात, त्या दुपारी भाता ओढावाच लागला नाही, आग आपणहून फुलत गेली.

पण हात सखाहरीचाच होता. त्याने जोर लावला, पितळेचा कीस आत अडकला, त्याने आणखी जोर लावला, आणि सगळे आटे फाटून आले. तुकडा वाया गेला. दांडीतून आता एकच तुकडा निघण्यासारखा होता.

त्याची बायको भिवरा उंबऱ्यात उभी होती. तिने कानातली कुडी काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"अवं, हिचं मळसूत्र बघा. केसाएवढं बारीक हाय. बसवताना मी कधी जोर लावती का? आधी उलटं फिरवायचं. आत बसल्याचं बोटाला कळतं, मगच सुलटं. अन् अडलं की परत मागं."

सखाहरी त्या सोन्याच्या इवल्या आट्यांकडे बघत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "डाक्टर, तुमी न्हाई पिळला. ह्यो आटा म्या घालवला. गेल्या बाजाराला. मला तवाच कळलं हुतं."

 डॉक्टर रागावले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. पण ते बाह्या सारून खाली बसले आणि कार्बोरेटर दोन्ही हातांत घट्ट पकडून म्हणाले, "मी धरतो. तुम्ही फिरवा."

मग सखाहरीने शेवटचा तुकडा बसवला. एक फेरा पुढे, अर्धा मागे. एक पुढे, अर्धा मागे. कीस सुटून खाली पडत राहिला. इतक्या हळू हाताने त्याने जन्मात काही केलं नव्हतं. स्क्रू बसला, वाटी बसली, एक थेंबही गळला नाही.

भिवराचा एक कान त्या गडबडीत मोकळाच राहिला होता. तेवढ्यावरून गाव आजही म्हणतं की आत पितळ नाही, कुडीचं सोनं बसवलं. असंही म्हणतात, की फटफटी तो घाट एका दमात चढली आणि टाकीतलं पेट्रोल उतरलंच नाही. मी काही वाटी उघडून बघितलेली नाही.

सखाहरी मात्र घाटाकडे कान लावून बसून राहिला. जेवायलाही उठला नाही. दिवे लागायच्या सुमारास फटफटीचा आवाज आला. डॉक्टर दारात थांबले आणि म्हणाले, "मुलगी झाली. दोघी सुखरूप." सखाहरी ओक्साबोक्शी रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही.

या गोष्टीला आता किती वर्षं झाली, कोण जाणे. पण कुसुरवाडीत अजूनही नवी गाडी आली की नारळ फोडण्याआधी ती हातभर मागे घेतात, सखाहरीचा अर्धा म्हणून. आणि दोघांचं भांडण तुटेस्तोवर ताणलं, की ज्याची चूक असेल तो उठून "माझा अर्धा मागं" म्हणतो. त्यावर तुझंच कसं चुकलं, हे समोरच्याने उगाळत बसायचं नसतं. त्याने खाली बसायचं, आणि म्हणायचं, "मी धरतो."