न जळलेल्या विजेचं माप

सांगलीतल्या एका सोसायटीचे अध्यक्ष रणनवरे साहेब हट्टालाच पेटले होते. गच्चीवरचे सोलर बंब त्यांना भंगारात काढायचे होते.

“सोलरनं वीज वाचते म्हणता, पण जी वीज जळलीच नाही, ती मोजणार कशी?” त्यांनी सभेत दरडावून विचारलं.

सोसायटीतल्या शकूताई खर्डेकरांच्या सांधेदुखीला बंबातल्या कढत पाण्याचाच आधार होता. त्या उठल्या.

“सोपं आहे, साहेब. महिनाभर तुमच्या घरचं सोलरचं पाणी बंद करू. गिझरनं मीटरवर जेवढे युनिट वाढतील, तेवढी बचत.”

“माझ्याच घरचं का?”

“आमचं बंद केलं तर आमचं नुकसान होईल ना! तुमचं तर काहीच वाचत नाही.”

सभेत हशा पिकला. साहेबांनी घाईघाईनं पुढचा विषय काढला आणि बंब गच्चीवरच राहिले.