पारव्याची दाढ

पडा रे आडवे सगळे. आज माझ्या अंगात त्राण नाही, एकदाच सांगेन.

एक होता राजा. त्याच्या पागेत पारवा नावाचा घोडा होता. दिसायला साधाच, पण त्याच्यात जादू होती, बरं का. दिवेलागणीला तो गवत खायला लागायचा, करम करम, करम करम. अख्ख्या गावाला ते ऐकू जायचं आणि ऐकता ऐकता झोप लागायची. त्या गावात अंगाई कुणाला येतच नव्हती.

मग एकदा काय झालं, पारव्याने खाणं सोडलं. करम करम बंद, झोप बंद. तीन दिवस गेले, नऊ गेले. बायका तव्याकडे नुसत्या बघत बसायच्या आणि भाकरी करपायची. पोरांना रडायचाही कंटाळा आला. राजाचा मुकुट नाकावर घसरला, तर तो वर सारायचं बळ त्याच्यात नव्हतं.

मग वैद्य आला. त्याने पारव्याचा ओठ वर केला, पुढचे दात पाहिले, म्हणाला, "वीस वर्षांचा आहे." मग घोड्यांचा व्यापारी आला. ओठ वर केला, म्हणाला, "बावीस." मग सेनापती आला, तो म्हणाला, "चोवीस." घोड्याचे दात बघून वय सांगायचं, एवढंच मेल्यांना येत होतं.

राजा डोळे चोळत म्हणाला, "म्हातारा झाला. उद्या रानात सोडून या." रानात वाघ होते, बरं का.

पागा झाडायला ठकूबाई होती, माझ्याएवढीच म्हातारी. झाडताना तिला गव्हाणीखाली हिरवे ओले गोळे दिसले. गवत जेमतेम चावलेलं, पण गिळलेलं नाही. तिने एक गोळा उचलून पदरात बांधला. तीही भाकरी अशीच तोंडातून काढून टाकायची. तिची दाढ गालाला टोचायची, पण तिला कोण विचारतंय?

दुसऱ्या दिवशी दुपारी शिपाई दोर घेऊन आले, मागून राजा आला. ठकूबाई तो हिरवा गोळा पुढे धरून दारातच बसली. म्हणाली, "सरकार, त्याला भूक हाय. खाता येत न्हाई त्याला. कुनी तोंडात पार मागं हात घालून बगितलं का?"

मग तिनेच पारव्याची जीभ बाजूला धरली आणि हात घातला. शेवटची दाढ विळ्यासारखी धारदार झालेली, गाल आतून फाटलेला. लोहाराने कानस आणली. थकव्याने त्याची कानस घसरत होती, म्हणून तिने त्याचं मनगट धरलं. मग घासली, घासली, घासली.

पारव्याने एक काडी तोंडात घेतली. करम. थांबला. मग करम करम, करम करम.

भर दुपारी गाव झोपलं. शिपाई दोरावर, लोहार कानशीसकट, राजा पायरीवर. तीन दिवस कुणी हललं नाही. एकटी ठकूबाई जागी, दाढ ठणकत होती ना.

राजा उठला, तर पायरीखाली भाकरीचा ओला गोळा पडलेला. त्याने तो हातात घेतला, ठकूबाईकडे पाहिलं आणि तिच्याशेजारी खाली बसला. म्हणाला, "ठकूबाई, आता तुम्ही आ करा."

मग वैद्याने ती दाढ काढली. त्या दिवशी घोडा जेवला, ठकूबाईही जेवली, आणि पारव्याच्या आवाजावर ती सगळ्यांच्या आधी झोपली. पुढे सगळे सुखाने राहिले.

मिटा डोळे. आणि सकाळी माझी भाकरी दुधात कुस्करून द्या रे कुणीतरी.